अरबी समुद्रातला कोरडा चौकोन

जुलै महिन्याच्या पावसाचा नकाशा पडद्यावर होता. काका चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, वसई ते रत्नागिरी, समोर समुद्रात हा कोरडा पट्टा कसला काढलाय तुम्ही?"

पट्ट्याच्या तीन बाजू फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या, चौथी किनाऱ्याला चिकटलेली. बाकी सगळा समुद्र पांढरा, म्हणजे 'माहिती नाही' या रंगाचा. एवढाच भाग 'शून्य मिलिमीटर' या रंगाचा. ऐन जुलैत, कोकणासमोर.

कोथरूडमधल्या एका सदनिकेत आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही तिघं प्रोग्रामर आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, ज्यांना सगळे काकाच म्हणतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत किती पाणी येईल याचे अंदाज बांधण्यासाठी जुन्या पावसाचा अभ्यास करायचा, हे काम. सुरुवात पायथॉन भाषा आणि तिची आकडेमोडीची लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) नमपाय घेऊन केली होती. त्या चौकोनानंतर आम्ही बहुमितीय अ‍ॅरेची (म्हणजे अनेक दिशांनी मांडलेल्या आकड्यांच्या तक्त्यांची) स्वतःची छोटी लायब्ररी रस्ट भाषेत लिहायला घेतली. तयार लायब्ररी होती की, असं कोणीही विचारेल. होती, आणि चांगली होती. पण नियम काय असावेत यावर आमच्यातच एकमत नव्हतं, आणि ते भांडण कोड लिहिल्याशिवाय मिटणारं नव्हतं.

माहिती होती भारतीय हवामान विभागाची दैनिक पावसाची ग्रिड, म्हणजे नकाशावर चौकोनी खाने पाडून दर खान्याला एक आकडा. ही ग्रिड पाव अंशाची आहे आणि नोंदी १९०१ पासूनच्या. दक्षिणोत्तर १२९ ओळी, पूर्व-पश्चिम १३५ स्तंभ, सुरुवात ६.५ उत्तर अक्षांश आणि ६६.५ पूर्व रेखांशावर. दर वर्षाची एक बायनरी फाइल. जिथे माहिती नाही, उदाहरणार्थ समुद्रावर, तिथे उणे ९९९. एका दिवसाचे १७,४१५ खाने, ३६५ दिवस, दर खान्याला ४ बाइट: एका वर्षाचे सुमारे २५.४ एमबी. पुणं पडतं ४८व्या ओळीत आणि २९व्या स्तंभात, शून्यापासून मोजलं तर. हे 'शून्यापासून मोजलं तर' पुढे पुन्हा येणार आहे.

चौकोनाचा उगम दोन ओळींत सापडला. आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्याने घाटमाथ्याचा तुकडा काढून त्यातल्या उणे संख्या शून्य केल्या होत्या, बेरीज बिघडू नये म्हणून:

घाट = पाऊस[:, ४२:५३, २४:३३]
घाट[घाट < ०] = ०

(वाचायला बरं पडावं म्हणून कोड देवनागरीत लिहितोय. पायथॉन ३ मध्ये चलाचं नाव 'पाऊस' खरंच ठेवता येतं. अंक मात्र इंग्रजीच लागतात. कंसात आधी दिवस, मग ओळी, मग स्तंभ; नुसतं ':' म्हणजे सगळे.)

त्याची समजूत अशी की 'घाट' हा वेगळा तुकडा आहे, त्यात काहीही केलं तरी मूळ 'पाऊस' शाबूत. पण नमपायमध्ये अशी साधी स्लाइस ('इथून इथपर्यंत' असा काढलेला तुकडा) म्हणजे मूळ स्मृतीवरची खिडकी असते. खिडकीतून शून्य लिहिलं, ते मूळ वर्षात उतरलं. पुढे देशाची सरासरी काढणारं फंक्शन 'शून्य किंवा जास्त असेल तर जमीन' असं धरून चालत होतं. त्याला किनाऱ्याजवळचे वीस-पंचवीस समुद्राचे खाने अचानक जमीन वाटू लागले. देशभरातल्या हजारो खान्यांत वीस-पंचवीस म्हणजे सरासरीला धक्काही लागला नाही. कोड तपासणाऱ्या टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. नकाशा काढला नसता आणि काका नसते तर हे कळलंच नसतं.

धाकट्याला दोष देणं सोपं होतं. मी तो दिलाही, पहिली दहा मिनिटं. मग त्याने शांतपणे एक प्रयोग करून दाखवला. त्याच जागी त्याने ४२:५३ च्या ऐवजी ओळींच्या क्रमांकांची यादी दिली, ४२, ४३, ४४ अशी. खाने तेच, कंस तेच. पण आता 'घाट' ही स्वतंत्र प्रत झाली आणि मूळ पाऊस जसाच्या तसा राहिला. "मग दादा, मी ओळखायचं कशावरून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नमपायचा नियम पक्का आहे आणि लिहून ठेवलेला आहे: आरंभ, शेवट, पाऊल अशी स्लाइस दिली की खिडकी, यादी किंवा खरं-खोटं असा मुखवटा दिला की प्रत. पण तो नियम कागदपत्रात आहे, ओळीत दिसत नाही. लायब्ररी लिहायला घेतली ती या एका मुद्द्यावर: ही ओळ मूळ माहितीत लिहू शकते की नाही, हे ती ओळ वाचूनच कळलं पाहिजे.

नमपायने असा नियम का केला, हे समजायला आत बघावं लागतं. स्मृती एकसलग असते, तिला ना अक्षांश ना रेखांश. बहुमितीय अ‍ॅरे म्हणजे त्या सलग पट्टीच्या सुरुवातीचा पत्ता, दर दिशेला किती घटक, आणि दर दिशेला पुढच्या घटकासाठी किती मोठी ढांग टाकायची, म्हणजेच स्ट्राइड. आमच्या वर्षासाठी ढांगा आहेत १७,४१५, १३५ आणि १. एक दिवस पुढे जायचं तर १७,४१५ घटक ओलांडायचे, एक ओळ उत्तरेला तर १३५, एक स्तंभ पूर्वेला तर १. आता जून ते सप्टेंबरचा घाटमाथा काढायचा. सुरुवातीचा पत्ता सरकतो १५१ गुणिले १७,४१५, अधिक ४२ गुणिले १३५, अधिक २४, म्हणजे २६,३५,३५९ घटक. लांब्या होतात १२२, ११ आणि ९. ढांगा त्याच राहतात. पाऊल दोनचं हवं असेल तर त्या दिशेची ढांग दुप्पट. उलट क्रम हवा असेल तर पत्ता शेवटच्या घटकावर आणि ढांग उणे. बारा हजारांवर खाने निवडले गेले, पण पावसाचा एकही आकडा हलला नाही. एक पत्ता, तीन लांब्या, तीन ढांगा: ६४ बिटी संगणकावर ५६ बाइटचं काम.

हे इतकं स्वस्त आहे म्हणून खिडकी देण्याचा मोह होतो, आणि तो योग्यच आहे. दर स्लाइसला प्रत काढली तर मोठ्या माहितीवर काम करणाऱ्याचा वेळ प्रती काढण्यातच जाईल. ज्युलिया भाषेने मात्र उलटा कौल दिलाय: चौकोनी कंस म्हणजे प्रत, खिडकी हवी असेल तर तसं वेगळं लिहून सांगायचं. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. माझं मत विचाराल तर अर्धा घोळ नावातच आहे. स्लाइस म्हटलं की डोळ्यांपुढे पावाचा काप येतो, आणि काप खाल्ला तर उरलेल्या पावाचं काही बिघडत नाही. ही चीज तशी नाही. ती सातबाऱ्यावरच्या पोटहिश्शासारखी आहे. जमीन जागची हलत नाही, फक्त कुठून कुठपर्यंत ते लिहिलं जातं. आणि पोटहिश्शात विहीर खणली तर ती मूळ जमिनीतच खणली जाते.

म्हणून आम्ही तीन फंक्शनं केली. 'बघा' फक्त वाचायची खिडकी देतं. 'बदला' लिहिता येणारी खिडकी देतं. 'प्रत' खरोखरची प्रत काढतं. खऱ्या कोडमध्ये नावं इंग्रजी आहेत, पण आम्ही बोलतो असंच. धाकट्याची ती ओळ आता 'बघा'ने लिहिली तर शून्य टाकायच्या जागी कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, थांबवतो. 'बदला' वापरायचं तर मूळ वर्ष बदलण्याच्या परवानगीने हाती असावं लागतं, आणि ती खिडकी वापरात असेपर्यंत मूळ वर्ष दुसऱ्या कोणालाही वाचता येत नाही. हा नियम आमचा नाही, रस्टच्या बॉरो चेकरचा, म्हणजे कोण कधी काय वाचतंय-लिहितंय हे तपासणाऱ्या कंपायलरच्या भागाचा. यामुळे चूक अशक्य झाली असं मी म्हणणार नाही. कोणी ठरवून 'बदला' लिहिलं तर समुद्र पुन्हा कोरडा होईल. पण कोड तपासताना तो शब्द डोळ्यांत येतो.

चौकोनी कंस मात्र सोडावे लागले, आणि हे मला आजही खटकतं. रस्टमध्ये कंसाच्या मागचं फंक्शन आधीपासून अस्तित्वात असलेल्या वस्तूचा संदर्भच परत देऊ शकतं. आमची खिडकी तर जागच्या जागी बनते, तिचा संदर्भ कशाचा देणार? त्यामुळे एक घटक काढायला कंस, आणि खिडकीसाठी फंक्शनला तीन भागांचं टपल, म्हणजे एकत्र बांधलेला गठ्ठा. सी प्लस प्लसमध्ये अडचण वेगळी होती. तिथे कंसात स्वल्पविराम देऊन दोन आकडे लिहिले तर पहिला टाकून दिला जायचा आणि दुसराच उरायचा. कंसाला एकापेक्षा जास्त आकडे घेण्याची मुभा सी प्लस प्लस २३ मध्ये मिळाली. पायथॉनला हे दुखणं कधीच नव्हतं, कारण कंसातलं सगळं तिथे एकच टपल होऊन येतं.

खरं भांडण झालं ते 'पर्यंत' या शब्दावरून.

काका फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतले. फोरट्रानमध्ये मोजणी नेहमीच्या वापरात १ पासून, आणि दोन्ही टोकं धरून. १७ ते १९.५ अक्षांशाची पट्टी त्यांच्या जुन्या प्रोग्राममध्ये ४३:५३ अशी होती. पायथॉनमध्ये आणताना त्यांनी दोन्ही आकड्यांतून १ वजा केला, ४२:५२. तर्क बरोबर वाटतो, उत्तर चूक. पायथॉन शेवटचं टोक वगळतं, त्यामुळे पहिल्यातून १ वजा करायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, ४२:५३. वजाबाकीने १९.५ ची ओळ गेली, आणि तिच्याबरोबर भंडारदरा. काकांना ते आकड्यांवरून नाही, बेरजेवरून कळलं: "घाटावरचा पाऊस इतका कमी? भंडारदरा धरलंय का?"

मी संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राची बाजू घेतली. १९८२ च्या टिपणात त्याने शेवट वगळण्याची बाजू मांडली आहे: दोन टोकांची वजाबाकी म्हणजे थेट लांबी, आणि एकाचा शेवट तोच पुढच्याचा आरंभ, मध्ये ना फट ना आच्छादन. काका म्हणाले, "ते तुझ्या संगणकाला सांग. तीस सप्टेंबरपर्यंत म्हणजे तीस धरून. सोमवार ते शुक्रवार म्हणजे शुक्रवारची सुट्टी नव्हे." मग त्यांनीच माझ्या बाजूचा सगळ्यांत चांगला दाखला दिला, आणि तो त्यांच्या लक्षातही आला नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. १२ जुलैच्या नावावर पडतो तो ११ च्या साडेआठपासून १२ च्या साडेआठपर्यंतचा पाऊस. एकही थेंब दोन दिवसांत मोजला जात नाही आणि एकही सुटत नाही. पर्जन्यमापकाने एक टोक धरून एक वगळण्याचा नियम केव्हाच स्वीकारलाय.

तोडगा दोन मजल्यांचा निघाला. खालच्या मजल्यावर क्रमांक: शून्यापासून, शेवट वगळून, ठाम. वरच्या मजल्यावर तारखा आणि अंश: दोन्ही टोकं धरून, माणसं बोलतात तसं. पायथॉनच्या पांडाज लायब्ररीतही नावाने केलेली स्लाइस शेवट धरूनच असते, तेव्हा आम्ही काही नवीन केलं नाही. वरच्या मजल्याचा खरा फायदा लीप वर्षांत झाला. १ जून साध्या वर्षी १५१ वर असतो आणि लीप वर्षी १५२ वर. आमच्या जुन्या कोडमध्ये सगळीकडे १५१:२७३ होतं. म्हणजे दर लीप वर्षी ३१ मेचा पाऊस मान्सूनमध्ये आणि ३० सप्टेंबर बाहेर. काकांना १९६१ चा १२ जुलै बघायचा होता, पानशेत फुटलं तो दिवस. त्यांच्या मोजणीने तो वर्षातला १९३वा दिवस, संगणकाच्या मोजणीने १९२. आता ते तारीख लिहितात, आणि १९२ की १९३ हा प्रश्न कोणाला पडत नाही.

हद्दीबाहेरच्या स्लाइसबद्दल मात्र चर्चा दोन मिनिटांत संपली. ३६५ दिवसांच्या वर्षाला पायथॉनमध्ये ३६६ पर्यंत मागितलं तर ते मुकाट्याने ३६५ देतं. आम्ही थांबवतो.

मितींचं तेवढं सोपं नव्हतं. एका दिवसाचा नकाशा मागितला तर उत्तर ११ गुणिले ९ हवं की १ गुणिले ११ गुणिले ९? नमपाय आणि ज्युलिया दोन्हीकडे उत्तर एकच आहे: नुसता आकडा दिला तर ती मिती गळते, एका लांबीचा पल्ला दिला तर राहते. आम्ही तेच घेतलं. फक्त रस्टमध्ये उत्तराला किती मिती हे कंपाइल होतानाच ठरावं लागतं. त्यामुळे टपलमधल्या प्रत्येक जागी आकडा आहे की पल्ला, हे प्रकारावरून मोजणारा कोड लिहावा लागला. तीन मितींपर्यंत तो हाताने लिहिला, पुढचा मॅक्रोने, म्हणजे कोड लिहिणाऱ्या कोडने. त्यातल्या चुकांचे कंपायलरचे संदेश इतके लांब येतात की धाकटा त्यांना 'पोवाडा' म्हणतो.

मग काम दोन थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन धाग्यांवर, वाटायची वेळ आली, आणि बॉरो चेकरशी मैत्री संपली. एकाच वर्षावर लिहिता येणाऱ्या दोन खिडक्या एका वेळी हव्या होत्या, एक पश्चिम भारताची, एक पूर्वेची. दिवसांवर कापलं असतं तर सोपं होतं, कारण पहिले दिवस स्मृतीत सलग आणि पुढचे त्यांच्यानंतर सलग. रेखांशावर कापलं की डावीकडचे ७०, उजवीकडचे ६५, पुन्हा डावीकडचे ७० असे एकाआड एक येतात, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत अडकावेत तसे. दोन्ही खिडक्यांचे पत्ते एकाच टापूतले, पण एकही खाना सामायिक नाही. कंपायलरला हे कळायला मार्ग नाही. आत असुरक्षित कोड लिहून, 'एक बाजू या स्तंभाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे' हे आपण हमीने सांगावं लागतं.

तिसऱ्या सहकारी गणितवाल्या. त्यांचं म्हणणं, हमी कशाला, कुठल्याही दोन खिडक्या एकमेकींवर येतात का हे तपासणारं फंक्शनच लिहू. बसल्या, आणि दोन दिवसांनी स्वतःच नको म्हणाल्या. ढांगा वेगवेगळ्या असल्या की प्रश्न पूर्णांकांच्या समीकरणांचा होतो आणि वाईटात वाईट परिस्थितीत वेळ घातांकी वाढतो. नमपायमध्ये यासाठी दोन फंक्शनं आहेत, एक पत्त्यांच्या सीमा पाहून 'कदाचित' म्हणणारं झटपट, आणि एक अचूक पण प्रसंगी अतिशय संथ. शिवाय २०१७ च्या १.१३ आवृत्तीपासून आत येणाऱ्या माहितीच्या आणि बाहेर जाणाऱ्या उत्तराच्या अ‍ॅरे एकमेकांवर आल्या तर नमपाय गरजेपुरती तात्पुरती प्रत काढून योग्य उत्तर देतं. आम्ही फक्त 'कापा' दिलं: एका अक्षावर, एका जागी, दोन भाग. त्यापलीकडे जायचं त्याने प्रत काढावी.

शेवटचा घोळ माझा. थ्रेडसाठी आम्ही वर्षाची मालकी वाटून घेता येईल असा प्रकार केला होता. शेवटची खिडकी मिटेपर्यंत वर्ष स्मृतीत राहणार. मी पुण्याच्या खान्याची दर वर्षाची मालिका कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून हाताशी, ठेवली, साठ वर्षांची. एक मालिका १,४६० बाइट. साठ म्हणजे ८८ केबीही नाहीत. पण प्रत्येक मालिका ही खिडकी होती, आणि प्रत्येक खिडकीने आपलं २५ एमबीचं वर्ष धरून ठेवलं होतं. दीड जीबी. लॅपटॉपचा पंखा वाजायला लागला तेव्हा मी ब्राउझरला शिव्या घातल्या. हाच प्रकार जावाच्या स्ट्रिंगमध्ये होता. छोटा तुकडा सगळी मोठी स्ट्रिंग धरून ठेवायचा, म्हणून २०१२ मध्ये जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून तिथे तुकड्याची प्रत निघू लागली. ही गोष्ट मी मुलाखतींत इतरांना विचारलेली आहे. आता आमच्या कॅशचं फंक्शन खिडकी घेतच नाही, तिला प्रतच द्यावी लागते.

इतकं झाल्यावर काकांनी विचारलं, "आता पानशेतचं पाणलोट क्षेत्र काढून दे. चौकोन नको, खरं क्षेत्र."

ते खिडकीत बसत नाही. डोंगराच्या धारेवरून जाणारी हद्द कुठल्याच ढांगेने गाठता येत नाही, तिथे खान्यांची यादीच लागते. नमपाय यादी दिल्यावर प्रत का काढतं, हे त्या दिवशी धाकट्याला कोणी न सांगता कळलं. आम्ही चौथं फंक्शन केलं, 'वेचा'. ते खाने आणि प्रत्येकाचा किती हिस्सा क्षेत्रात येतो हे घेतं, आणि नेहमी प्रत देतं. नाव मुद्दाम वेगळं, कंसांची सारखी सवय लागू नये म्हणून.

काकांचं समाधान झालेलं नाही. पाव अंश म्हणजे सत्तावीसेक किलोमीटर. पानशेत २८व्या स्तंभात, पुणं २९व्या, दोन शेजारचे खाने, आणि मध्ये घाटावरचा पाऊस कसा झपाट्याने उतरतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. "तुझ्या खिडक्या ठीक आहेत रे," ते म्हणाले, "पण भिंतच लांब आहे." पुढच्या आठवड्यात ते धरणांवरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींची जुनी वही घेऊन येणार आहेत.